मागचा आरसा

केस कापून झाल्यावर न्हाव्याने लहान आरसा मानेमागे धरावा आणि समोरच्या मोठ्या आरशात स्वतःचा पाठमोरा माथा न्याहाळून गिऱ्हाइकाने 'ठीक आहे' म्हणावे, हा विधी लहानपणी मला मोठेपणाचा दाखला वाटत असे. कारण खुर्चीच्या हातांवर फळी टाकून ज्यांना बसवत, त्या आम्हा मुलांना तो आरसा कोणी दाखवीत नसे.

सव्विसाव्या वर्षी, पुण्यात नोकरीला असताना, कपाळावरचे केस झपाट्याने मागे हटू लागले आणि घरी कोणाला न कळवता मी केशरोपण करून घेतले. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 साली दाखवून दिले होते की केस कुठेही लावला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही. म्हणून डोक्याच्या मागील भागातून, जिथले केस सहसा टिकतात तिथून, कातडीची एक लांब पट्टी कापून त्यातली मुळे पुढे लावायची आणि मागची जखम टाक्यांनी मिटवायची, अशी ती पद्धत होती. संमतिपत्रातला व्रणासंबंधीचा मजकूर न वाचताच मी सही केली.

टाके बाराव्या दिवशी निघाले, तेव्हा ती रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी होती. चौथ्या महिन्यात ती करंगळीएवढी रुंद झाली. माझ्या डोक्याची कातडी मुळातच ताठ. तिच्यातून सैलपणाला न पेलणारी रुंद पट्टी काढल्यामुळे दोन्ही कडा एकमेकींपासून दूर ओढल्या जात राहिल्या, आणि टाके निघतेवेळी जखमेला मूळ कातडीच्या बळाचा अल्पांशच आलेला असल्याने मधली जागा नव्या तंतूंनी भरून निघाली, ज्यांत केसाचे मूळ नसते. हे सारे मला पुढे दुसऱ्या शल्यविशारदाने समजावले. ज्याने पट्टी काढली, त्याने नव्हे, आणि त्याचा राग माझ्या मनात अद्याप आहे.

पुन्हा कापून शिवावे, तर पुन्हा रुंदावण्याचे भय. म्हणून व्रणातच एकेक करून दीडशे मुळे लावून घेतली. त्या जागेला रक्ताचा पुरवठा बेताचा, त्यामुळे निम्मीच रुजली. बाकीचा इलाज सवयींचा होता: सभागृहात शेवटची रांग, पावसात डोक्यावर रुमाल, आणि मागचे केस कधीही इंचाहून आखूड करायचे नाहीत. आमच्या पेठेतल्या न्हाव्याला मी हकिकत सांगितली, तेव्हा त्याने व्रणावरून अंगठा फिरवून त्याची लांबी मापली, त्या भागावर मशीन कधी लावले नाही, आणि लहान आरसा त्याने पुढे कायमचा खणात ठेवून दिला. इतके मोठे सौजन्य मला फार थोड्यांनी दाखवले आहे.

वडील गेले. दहाव्या दिवशी वाईच्या घाटावर क्षौराला बसलो असता शेंडीपुरते केस ठेवून वस्तरा मागे उतरला, आणि सर्वत्र त्याची धार जाणवत असताना त्या एका पट्ट्यात काहीच जाणवले नाही, फक्त पाते सरकल्याचा आवाज कानाशी आला. पंधरा वर्षे झाकलेले सारे भावकीसमोर उघडे पडले होते. पण त्या दिवशी माझ्या मानेकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी आईने मला पाटावर बसवून डोक्याला खोबरेल लावायला घेतले. चार दिवसांचे खुंट भोवताली उगवले होते, आणि मधे व्रणाची वाट तेवढी जवळजवळ गुळगुळीत राहिली होती. तिचे बोट तिथे थांबले.

"हे कधी लागलं रे?"

मी सांगितले, कोणत्या साली, किती पैसे, कोणाला न सांगता, सगळे. ती बराच वेळ बोलली नाही. मग वाटीत बोट बुडवून तिने डाव्या कानामागे टेकले.

"अजून दुखतं?"

"नाही. तिथं कळतच नाही काही."

"बरं," ती म्हणाली, आणि तेलाचे बोट सावकाश उजव्या कानापर्यंत नेले. ते कुठवर पोचले आहे, हे मला तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होते.