मोठ्यांच्या आधीं

संगीताच्या मोठ्या बैठकींत पहिल्यानें गाण्याचा मान आम्हांस कित्येक वर्षें अखंड लाभत आला आहे. 'मान' हा शब्द संयोजकांचा. आमच्या वडील काकूंनीं त्यास 'सतरंज्या घालणें' असें नांव ठेविलें आहे, आणि तेंच अधिक यथार्थ आहे.

आम्ही गावयास बसतों तेव्हां श्रोते येत असतात. खुर्च्या सरकतात, ओळखीच्यांस हांका होतात. ध्वनिक्षेपकाची परीक्षा मोठ्या कलावंतांच्या आवाजावर आधींच झालेली असते. तींत आमचा आवाज बसला तर बसला. रागाचेंही तसेंच. साडेपांचाची वेळ म्हणजे मुलतानी नाहींतर पटदीप. शिवाय मागाहून बसणारे बुवा अगर बाई जो राग गाणार असतील त्याच्या वाटेस जावयाचें नाहीं, हा अलिखित दंडक. पुण्यास १९५३ सालीं सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणीं पूर्वीं गाणीं पहांटेपर्यंत चालत. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालीं झाला, आणि कांहीं दिवसांची सूट सोडल्यास मैफलीची रात्र आंखडली. कापड आंखूड पडलें कीं कात्री कोठें लागते, हें वाचकांच्या घरांतील गृहिणींस सांगणें नको. आमच्या वांट्यास पस्तीस मिनिटें येतात. तिसाव्या मिनिटास चिठ्ठी.

याबद्दल आम्हीं पुष्कळ कुरकुर केली. एवढ्या वेळांत विलंबित ख्याल तो काय उलगडणार? राग दाराशीं येऊन उभा राहतो, आणि त्यास 'बसा' म्हणण्यापूर्वीं आम्हीच उठतों. दोन तास द्या, मग पहा! हें आम्हीं एस.टी.च्या प्रवासांत, विशेषतः परततांना, सौभाग्यवतीस किती वेळां ऐकविलें असेल! ती आमच्या मागें तंबोऱ्यास बसते. तेव्हां ऐकणें तिला भागच.

२०११ च्या डिसेंबरांत कोंकणांतील एका गांवीं ते दोन तास आम्हांस जवळजवळ मिळाले. मुख्य गाणें एका थोर बाईंचें. त्या यमन गाणार, हें संयोजकांनीं सकाळींच आमच्या कानांवर घातलें होतें. त्यांच्या शिष्या तंबोरे घेऊन पुढें आल्या होत्या. आमचा मुलतानी संपत आला तों चिठ्ठी आली. पण ती नेहमींची नव्हती. कुंभार्ली घाटांत मालमोटार उलटली होती, बाईंची गाडी पलीकडे अडकली होती, आणि आम्हीं गाणें चालूं ठेवावें अशी विनंती होती.

आम्हांस काय आनंद झाला! पूरिया धनाश्री धरला. वीस मिनिटांत तो संपला. संपविला नव्हे, संपला. गेलेली तान पुनः पुनः परत येऊं लागली. इतकीं वर्षें पस्तीस मिनिटांच्या मापानेंच आम्ही गाणें शिवीत आलों होतों. आतां श्रोते स्थिर बसले होते, खुर्ची वाजत नव्हती. जी शांतता आम्ही सदैव मागत असूं, ती आम्हांस सोसेना. घाबरलेलें मूल आईकडे धांवतें तसे आम्ही आपल्या पहिल्या धड्याकडे धांवलों, आणि यमन सुरू केला.

मागून खोकल्याचा आवाज आला. तो आम्हीं ओळखला, आणि न ओळखल्यासारखें केलें.

यमन बरा झाला असावा, टाळ्याही पडल्या. उठून पडद्यामागें गेलों तों बाई येऊन बसलेल्या. एक शिष्या तंबोरा मांडीवर घेऊन खुंटी पिळीत होती. पहिली तार यमनासाठीं निषादाला लावलेली होती. ती खालीं खालीं येत शुद्ध मध्यमावर थांबली. यमनाचा मध्यम तीव्र. तंबोऱ्यांत शुद्ध मध्यम बोलूं लागला, म्हणजे यमन आतां होणें नाहीं, हें नवशिक्यासही कळतें. आम्ही कांहीं बोलावयास तोंड उघडलें.

"चहा घेतलात का?" बाई म्हणाल्या. "निवतो आहे पहा."

त्या केदार गाइल्या. आम्हीं तो शेवटच्या रांगेंत उभें राहून ऐकला. दुसऱ्या दिवशींच्या परतीच्या प्रवासांत सौभाग्यवतीस कांहींही ऐकावें लागलें नाहीं.