हात लावू द्या लेकरांना

आमचे गाव जांब समर्थ, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले. आम्ही दोघे नवरा-बायको रोजाने शेतात कामाला जाणारे. आमच्या घरची लेक मुंबईला वरळीच्या बी.डी.डी. चाळीत दिलेली. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "इथं जवळच नेहरू विज्ञान केंद्र आहे. लेकरांना दाखवून आणा."

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' ही पाटी, एवढेच आम्हाला ठाऊक. म्हणून तिकिटाच्या रांगेतच पोरांना दम भरला, "कशालाबी हात लावायचा नाही. मोडलं तर भरून द्यायला पैसे नाहीत."

आत गेलो तर सगळे उलटेच! तिथले विज्ञान उद्यान १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात सुरू झाले. मोठी इमारत १९८५ ची. तिथल्या वस्तू ओढायच्या, फिरवायच्या, ढकलून पाहायच्या. एका खुर्चीत बसून दोर ओढला की माणूस स्वतःच स्वतःला वर उचलतो. दुसरी मुले तुटून पडली होती. आमची पाच वर्षांची धाकटी मात्र दोन्ही हात मागे बांधून उभी. तिथल्या एक बाई म्हणाल्या, "ओढ ना बाळ, ओढण्यासाठीच आहे ते." पोरीने आमच्या तोंडाकडे पाहिले. तेव्हा आम्हालाच लाज वाटली. तिला अडवणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो.

ही सवय आम्हाला आमच्या आईपासून लागली. तिचेही चुकले नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लागला तर शिव्या आणि मार, हे तिने सोसलेले. बाबासाहेबांना लहानपणी शाळेच्या नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई नसला की पाणी नाही. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि आज कोणी अडवत नसताना आम्ही आमच्याच लेकराचा हात धरून ठेवावा?

आम्ही मान हलवली. पोरीने दोर ओढला, वीतभर वर गेली आणि अशी हसली की विचारू नका.

थोरल्याने विचारले, "एवढीशी ही, वर गेली कशी?" उत्तर कप्पीत होते. वर टांगलेल्या एकाच कप्पीने ओझे कमी होत नाही, ओढायची दिशा तेवढी बदलते. खाली ओझ्यासोबत हलणारी दुसरी कप्पी जोडली की जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. गावी आल्यावर त्याने विहिरीवरची कप्पी पाहिली आणि स्वतःच म्हणाला, "ही एकटीच आहे, म्हणून घागर जड लागते."

अमेरिकेत फ्रँक ओपनहायमर नावाचे शास्त्रज्ञ होते. संशोधनाची नोकरी गेल्यावर त्यांनी गुरे पाळली आणि गावच्या शाळेत शिकवले. मुलांना भंगाराच्या ढिगावर नेऊन तिथल्या मोडक्या यंत्रांवरून ते विज्ञान शिकवीत. त्यांनीच पुढे १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोला हाताळून शिकायचे मोठे संग्रहालय काढले. भंगार तर आपल्याही वस्तीत भरपूर आहे!

बंधू-भगिनींनो, मुंबईचे भाडे सगळ्यांना परवडणारे नाही. पण घमेलेभर पाणी तर घरी असते. आम्ही त्यात चिंचोका, खिळा, काडेपेटी टाकून पाहायला दिले. एकदा पडीची मोसंबी आणली. सालीसकट तरंगली, सोलून टाकली तर बुडाली. थोरला म्हणाला, "साल काढून वजन तर कमी झालं, मग बुडाली कशी?" आम्हाला सांगता येईना. त्यानेच शाळेत विचारले. सालीत हवा धरलेली असते, ती तरंगवते. त्या दिवशी लेकराने बापाला शिकवले.

रविवारी विहारात वंदना झाली की लहान मुलांसाठी असे एक घमेले, एक तराजू, दोन कप्प्या ठेवायला काय लागते? धारेच्या आणि विजेच्या वस्तू दूर ठेवा, पाण्यापाशी मोठे माणूस बसू द्या. बाकी हात लावू द्या.

आमची धाकटी आता हात मागे बांधत नाही. परवा तिने घरातले गजराचे घड्याळ उघडले. ते बंद पडले ते पडलेच. आम्ही थोडे रागावलो, खोटे कशाला सांगावे? पण हात उगारला नाही. तिच्याच शेजारी बसून चाके मोजली.