इशारा खरा हवा

१५ जून, रविवार

लेकीचं शिकाऊ लायसन्स हातात आलं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेआधी किमान ३० दिवस जावे लागतात, तेवढ्या वेळात तिचा हात बसावा म्हणून आज सोसायटीच्या आवारातच गाडी मागे घ्यायला शिकवायला घेतलं. गाडी सेकंडहँड असली तरी चांगली जपलेली आहे. पुढच्या आणि मागच्या बंपरवर चार-चार सेन्सर आहेत.

मागे काहीच नव्हतं. कंपाउंडची भिंत लांब, दोन्ही बाजूंच्या गाड्या बाहेर गेलेल्या. तरीही तिने रिव्हर्स टाकताच सलग आवाज सुरू झाला. भिंत फूटभरावर आल्यावर जो व्हायला हवा, तोच आवाज. तिने घाबरून ब्रेक मारला. उतरून पाहिलं, मोकळी जागा. पुन्हा रिव्हर्स, पुन्हा तोच आवाज. असं थोडा वेळ चाललं आणि मग तिचा पाय ब्रेककडे जाईनासा झाला. ती म्हणाली, "बाबा, हे असंच वाजतं ना? मग जाऊ दे."

तिचं काही चुकलं नाही. आवाजाला काही अर्थ नाही, असं गाडीनेच तिला शिकवलं. गाडी हाती येण्याआधीच इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागतेय, याची मला खरी काळजी वाटते. आवाजाचा त्रास त्यापुढे काहीच नाही.

१८ जून, बुधवार

रात्री गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसलो. बंपरवर जी गोल टिकली दिसते तिच्या आत पीझोइलेक्ट्रिक पदार्थाची चकती असते. विजेने थरथरणारा आणि थरथरला की वीज देणारा हा पदार्थ. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. चकती साधारण ४० ते ५० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडते. माणसाचा कान २० किलोहर्ट्‌झच्या पुढे ऐकत नाही, म्हणून तो आपल्याला कळत नाही. आवाज अडथळ्यावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून गाडी अंतर काढते. एक मीटरवरच्या भिंतीसाठी हा वेळ सुमारे सहा मिलिसेकंद. आपल्या कानावर पडणारा टूं-टूं हा या हिशेबाचा निकाल, तो आतल्या स्पीकरमधून येतो.

एक गोष्ट मला नवी होती. बोलणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. आवाज सोडल्यावर ती स्वतः क्षणभर थरथरत राहते आणि तोवर तिला ऐकता येत नाही. म्हणून अगदी चिकटून असलेली वस्तू तिला नीट कळत नाही. पण चकतीची थरथर लवकर थांबलीच नाही तर? तीच परत आलेला आवाज म्हणून मोजली जात असेल का? गॅरेजमध्ये विचारायचं.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रत्येक मोटारीला मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा यांच्याच पंक्तीला सरकारने त्यांना बसवलं. योग्यच केलं. म्हणूनच ते खरं बोलायला हवेत.

२७ जून, शुक्रवार

नळ स्टॉप चौकात संध्याकाळी सातची गर्दी. सिग्नल लाल झाला आणि दोन्ही अंगांनी दुचाक्या आत शिरल्या. एकाचं हँडल आरशाला लागेल इतक्या जवळ. पुढचे सेन्सर कमी वेगात आपोआप जागे होतात, त्यामुळे डावीकडून, उजवीकडून, समोरून आवाज. शेजारच्या बसने एअरब्रेकची हवा सोडली तेव्हा त्यात आणखी भर पडली. त्या फुसकाऱ्यात कानाला न ऐकू येणारे उंच आवाजही असतात आणि सेन्सर त्यांना परत आलेला आवाज समजू शकतो.

बायको म्हणाली, "बंद करून टाक बाई एकदाचं." बटण आहे. पुढचे सेन्सर त्याने गप्प होतात आणि रिव्हर्स टाकला की पुन्हा सुरू होतात. मी बटण दाबलं.

घरी येताना दोन प्रकार मनात वेगळे झाले. सिग्नलवर दुचाकी खरोखरच जवळ होती; सेन्सरने जे होतं तेच सांगितलं, फक्त त्या क्षणी ते मला उपयोगाचं नव्हतं. त्यासाठी बटण बरोबर आहे. सोसायटीत मात्र मागे काहीच नव्हतं. तिथे बटण दाबणं म्हणजे दुखणं झाकणं. त्याचं कारणच शोधायला हवं.

५ जुलै, शनिवार

दोन दिवस संततधार. रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे दोन्ही बंपर चिखलाने माखलेले. पाण्याचा थेंब किंवा चिखलाचा पापुद्रा टिकलीवर बसला की चकतीची थरथर बिघडते. मऊ ओल्या फडक्याने आठही टिकल्या पुसल्या. पुढे डावीकडचा अधूनमधून होणारा आवाज थांबला. मागचा मात्र तसाच.

आमचे अण्णा गॅलरीतून बघत होते. त्यांनी एसटीत आयुष्य काढलं, ड्रायव्हर म्हणून. खाली आले आणि म्हणाले, "अरे, डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरायचा. शिट्टी त्याच्या तोंडात. तो उगाच कधी वाजवायचा नाही. पत्र्यावर थाप पडली की माझा पाय ब्रेकवर गेलेलाच असायचा, विचारबिचार नंतर." मी विचारलं, एखादा सारखी थाप मारणारा भेटला का? "भेटला ना, नवा होता. प्रत्येक खांबाला थाप. दोन दिवसांत मी त्याचं ऐकेनासा झालो. तिसऱ्या दिवशी स्टँड इन्चार्जला सांगून त्याला बाजूला बसवला आणि शिकवला. त्याला काढला नाही, शिकवला."

लेक शेजारीच उभी होती. तिने ऐकलं, हे बरं झालं.

१९ जुलै, शनिवार

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला दाखवलं होतं. बंपर धुऊन दिला आणि सांगितलं, "सर, सेन्सर सेन्सिटिव्हच असतात." आज आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने आधी हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि रिव्हर्स टाकला. मग मागे जाऊन प्रत्येक टिकलीवर बोटाचं टोक हलकेच टेकवलं. मलाही टेकवायला सांगितलं. चालू सेन्सर बोटाखाली बारीक टिकटिकतो; कान जवळ नेला तर ऐकूही येतो. चारही टिकटिकत होते. म्हणजे मेलेला एकही नाही.

मग त्याने स्कॅनर लावला. पडद्यावर चारही सेन्सरचे आकडे वेगवेगळे दिसतात. तीन जण रिकामं सांगत होते. डावीकडून दुसरा मात्र २८ सेंटिमीटरवर चिकटलेला. मी मागे उभा राहिलो, बाजूला झालो, त्याचा आकडा हलेना.

सेन्सर बाहेर काढल्यावर सगळं समजलं. बंपर कधीतरी पुन्हा रंगवलेला होता. टिकलीवर रंगाचा जाड थर, आणि तिच्याभोवती जी मऊ सिलिकॉनची कडी असते ती जागेवर नव्हती. ही कडी चकतीची थरथर बंपरपर्यंत जाऊ देत नाही. कडी नसली की बंपरही चकतीबरोबर थरथरतो आणि सेन्सर स्वतःचाच आवाज ऐकून अडथळा आहे म्हणतो. वर जाड रंगाचं ओझं. नंबरप्लेटची प्लास्टिकची चौकटही एका कोपऱ्यात सैल होऊन बाहेर आलेली होती, तीही काढली.

"साहेब, रंग खरवडू नका. चरे पडले तर पुन्हा तेच," तो म्हणाला. नवा सेन्सर, नवी कडी, आणि रंग पातळ, एका हाताचा. बंपर रंगवायची वेळ आली तर सेन्सर आधी काढून घ्यायचे, हे त्याने मला दोनदा बजावलं. या माणसाने बोटाने तपासलं आणि कारण दाखवून दिलं. अशी कामं करणाऱ्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. ताई रात्रपाळी करून थेट आली. ती अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. नारळीभात खाताना मी सेन्सरची गोष्ट सांगितली, तर ती लगेच म्हणाली, "आमच्याकडे हेच रोजचं आहे." पेशंट कुशीवर वळला, छातीवरची चिकटपट्टी सैल झाली, बोटावरची क्लिप घसरली, की मॉनिटर बोंबलतो. अशा फुकटच्या अलार्मांनी कान बधिर होतात आणि खरा अलार्म त्यात हरवतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून अलार्मची नीट व्यवस्था लावणं हे रुग्णसुरक्षेचं उद्दिष्टच ठरवलं होतं.

"मग तुम्ही काय करता?"

"बंद तर करत नाही. पट्ट्या वेळेवर बदलते, आधी कातडी पुसून कोरडी करते. आणि प्रत्येक पेशंटच्या मर्यादा त्याच्यापुरत्या लावून घेते, डॉक्टरांना विचारून. एखाद्याची नाडी मुळातच हळू चालते, त्याच्यासाठी सगळ्यांची मर्यादा कशी चालेल?"

पट्टी बदलणं आणि टिकली पुसणं, दोन्हींत कष्ट सारखेच आणि हेतूही.

१७ ऑगस्ट, रविवार

नवा सेन्सर बसून आता बरेच दिवस झाले. मोकळ्या जागेत रिव्हर्स टाकला की गाडी शांत. पण ही शांतता किती खरी, हेही तपासायला हवं होतं. आवारात गाडी उभी केली, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना विटा. गाडी हलवायची नाही, वस्तू हलवायच्या, असं ठरवलं. लेक आत बसून आवाज सांगत होती, अण्णा टेप धरून.

स्टीलचा पिंप दीड मीटरवरूनच कळला. झाडूचा दांडा उभा धरला तर बराच जवळ येईपर्यंत पत्ता नाही. त्याच्या गोल, बारीक अंगावरून फारच थोडा आवाज परत येतो. दोरीवर आजीची गोधडी टाकली, तर ती इतकी मोठी असूनही उशिरा कळली, कारण जाड कापड आवाज पिऊन टाकतं. वीट सगळ्यांत फसवी. लांब असताना ती वाजली आणि जवळ येताच आवाज थांबला. ती सेन्सरच्या नजरेखाली गेली होती. शेवटी मी स्वतः सुती सदरा घालून बंपरच्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसलो. लेक आतून म्हणाली, "काहीच नाही." थोडा आत सरकलो तेव्हा कुठे वाजलं.

ती उतरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वाजलं नाही तरी कोणी असू शकतं."

२६ ऑगस्ट, मंगळवार

मखराचं सामान, समया, फराळाचे डबे यांनी डिकी गच्च भरली. मागचा भाग दबला की सेन्सरची नजर जमिनीकडे झुकते, आणि तळघरातून वर येणाऱ्या उताराच्या पायथ्याशी पुढच्यांना उतारच भिंत वाटतो. दोन्ही आज झालं. कारण माहीत असल्यामुळे लेक गोंधळली नाही. थांबली, पाहिलं, हळू पुढे गेली.

संध्याकाळी गणपतीची मूर्ती घेऊन आलो तर सोसायटीतली सगळी पोरं गाडीभोवती. कोणी वाकून आत डोकावतंय, कोणी चाकाशी फुलं वेचतंय. मला आठवलं, अमेरिकेत २००२ मध्ये कॅमेरन गुलब्रान्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा वडीलच मागे घेत असलेल्या गाडीखाली गेला. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला आणि मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तिथल्या चाचण्यांत नुसते सेन्सर लहान मुलं ओळखण्यात भरवशाचे ठरले नव्हते. आमच्या विटेने आणि सुती सदऱ्याने तेच सांगितलं होतं.

मी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि सगळी पोरं मूर्तीमागून जिन्याकडे गेल्यावरच गाडी जागेवर लावली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

लेकीचं पक्कं लायसन्स गेल्या महिन्यात आलं. आज गाडीची पूजा तिनेच केली. झेंडूची माळ तिने जाळीवर बांधली आणि खाली लिंबू-मिरची. चावी फिरवताच पुढचे सेन्सर वाजू लागले. हसत उतरली, माळ बॉनेटच्या वरच्या कडेला घेतली, लिंबू-मिरची टिकलीपासून दूर सरकवली. आवाज थांबला. जून महिन्यात हीच मुलगी "जाऊ दे" म्हणाली होती. आज तिने आवाज ऐकला, कारण शोधलं आणि ते दूर केलं. मला हेच हवं होतं.

नंतर आम्ही दोघांनी गाडीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं. गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी. पावसात आणि लांबच्या प्रवासानंतर आठही टिकल्या पुसायच्या. धुताना प्रेशरचा फवारा त्यांच्यावर जवळून मारायचा नाही. सलग आवाज झाला की आधी ब्रेक, मग उतरून बघायचं. मोकळ्या जागेत वारंवार वाजायला लागलं तर त्याच आठवड्यात गॅरेज. गर्दीत पुढचे सेन्सर बटणाने गप्प केले तर चालतील. मागचे कधीही नाही.

अण्णांनी वाचून मान डोलावली. लेकीने पेन घेऊन खाली आपली एक ओळ वाढवली: "आवारात मुलं खेळत असतील तर आधी त्यांना नावाने हाक मारून समोर उभं करायचं, मोजायचं, आणि मगच गाडी सुरू करायची."