चारचक्षु राजा

आमच्या अलिबागच्या कोळीवाड्यांतील नाखवा मासेमारीस निघतो, तेव्हां जाळें आणि बर्फ यांच्याबरोबर त्याच्याजवळ एक ओळखपत्रही असावें लागतें. त्यावर त्याचें छायाचित्र असतें, बोटांचे ठसे सरकारदप्तरीं नोंदलेले असतात, आणि होडीच्या अंगावर नोंदणीचा क्रमांक रंगविलेला असतो. २००८ सालच्या नोव्हेंबरांत दहा माणसें समुद्रावाटे मुंबईंत उतरलीं, आणि तेव्हांपासून किनाऱ्यावरच्या माणसांची ही मोजदाद सुरू झाली. हें अन्यायाचें झालें असें मी म्हणत नाहीं. येथें पहारा नको असें म्हणणाऱ्यास लोक वेड्यांत काढतील, आणि तें योग्यच होईल.

परंतु पहारा वाढवा म्हणणारे गृहस्थ आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासांतील एक पान सहसा उलटीत नाहींत. १९९३ च्या मार्चमध्यें मुंबईंत बॉम्बस्फोट झाले व अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यासाठीं लागलेली शस्त्रें व स्फोटक द्रव्यें त्याच वर्षीं जानेवारी-फेब्रुवारींत श्रीवर्धन तालुक्यांत दिघी आणि शेखाडी येथें उतरलीं होतीं. तेथें काय डोळे नव्हते? पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते. दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर अडविलाही गेला होता! पण पैसे घेऊन तो सोडून देण्यांत आला. पुढें विशेष न्यायालयानें पोलीस आणि कस्टम या दोन्ही खात्यांतील माणसांस या प्रकरणीं शिक्षा दिल्या. डोळे होते, त्यांनीं पाहिलेंही होतें. पाहणाऱ्याची नियत मात्र ठिकाणावर नव्हती. तेव्हां पाहणाऱ्यावर कोणी पाहावें, हा प्रश्न आम्हां रायगडकरांस तरी केवळ पुस्तकी वाटण्याचें कारण नाहीं.

राजास आमच्या संस्कृत ग्रंथकारांनीं चारचक्षु म्हटलें आहे. म्हणजे हेर हेच त्याचे डोळे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या पहिल्याच अधिकरणांत गूढपुरुषांची अशी कांहीं जंत्री आहे कीं, वाचतांना शेजारच्या माणसाकडे वळून पाहावेंसें वाटतें. विद्यार्थ्याच्या वेषांतला हेर आहे, व्रतभ्रष्ट संन्यासी आहे, शेतकरी, व्यापारी, जटाधारी तापस आहे. आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरांत मानानें जाणारी गरीब, धीट, विधवा ब्राह्मणीही आहे. माजघरांतल्या गोष्टी बाहेर कशा नेाव्यात, हें त्या आचार्याला पुरतें ठाऊक होतें. तथापि त्यानें एक बंधनही घातलें: एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचे वृत्तांत जुळले तरच विश्वास ठेवावा, आणि वारंवार खोटें आणणाऱ्यास गुपचूप दंड करावा अथवा काढून टाकावें. हेराच्या शब्दाचा इतका संशय त्याला होता. हल्लींच्या पुष्कळ शिकलेल्या लोकांस तेवढाही नाहीं.

भवभूतीचें उत्तररामचरित शाळेंत शिकवितांना पहिल्या अंकापाशीं मी नेहमीं थांबत असें. दुर्मुख हा रामाचा विश्वासू माणूस; लोक काय बोलतात तें ऐकून येण्याकरितां पाठविलेला. तो दुष्ट नाहीं, लांचखाऊ नाहीं. जें ऐकलें तें त्यानें राजाच्या कानांत सांगितलें, एवढेंच. पण त्या कानगोष्टीनें सीतेचा संसार मोडला. लोक ओट्यावर बसून जें बोलतात तें निवाडा म्हणून बोलत नाहींत. वेळ जात नाहीं म्हणून बोलतात. तेच शब्द सिंहासनापाशीं पोंचले कीं त्यांचें वजन बदलतें. सीतेस कोणीं विचारलें नाहीं, आणि बोलणाऱ्यांसही विचारलें नाहीं. प्रामाणिक हेर आणि धर्मशील राजा असूनही हें घडलें, हें विद्यार्थ्यांच्या लक्षांत आणून देतांना मला प्रत्येक वर्षीं थोडें अवघडल्यासारखें होई.

खासगीपण ही साहेबाची चाल आहे, आपल्या एकत्र कुटुंबांत तिला जागाच नव्हती, असें कांहीं जण मोठ्या अभिमानानें सांगतात. जागा नव्हती हें खरें. गरज नव्हती हें खोटें. पोस्टकार्ड आलें म्हणजे तें साऱ्या वाड्याचें वाचन असे. आणि सुनेनें माहेरीं लिहिलेलें पत्र पेटींत पडण्यापूर्वीं वडील माणसांच्या नजरेखालून जाई. माझ्या एका आत्याचें सासर देशावर होतें. तिच्या प्रत्येक पत्रांत सर्व मंडळी क्षेम असत, सासूबाई मायेनें वागवीत असत. एकदां मात्र शेवटीं तिनें लिहिलें, “आपल्या वृंदावनांतील तुळशीस पाणी वेळेवर घालीत जावें, ती सुकते आहे असें स्वप्न पडलें.” आमच्या तुळशीस कांहीं झालें नव्हतें. आजोबांनीं तें पत्र दोनदां वाचलें, टोपी घातली, आणि दुसऱ्या दिवशींच्या एस. टी. नें जाऊन ते तिला घेऊन आले. ती आली तेव्हां तिच्या मनगटांतील बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आजोबा तुळशीचा अर्थ समजणारे निघाले म्हणून ती वांचली. ज्यांच्या वडिलांस तो समजला नाहीं अशाही असतीलच. पत्र वाचणाऱ्यांनीं तिला लिहूं नको असें कधींच म्हटलें नव्हतें, हें येथें ध्यानांत घ्यावें. वाचलें जाणार एवढें तिला ठाऊक होतें. तेवढ्यानेंच खरें लिहिणें बंद झालें.

सरकार आणि सासर यांत अंतर आहे, पण या बाबतींत फार नाहीं. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत स्थानबद्धांचीं पत्रें तपासलीं जात, आणि त्यांच्या घरच्या मंडळींनाही ‘सर्व क्षेम’ लिहिण्याची संवय लागली. पत्रें उघडण्याचा अधिकार सरकारास इंग्रजांनीं केलेल्या १८९८ च्या टपाल कायद्यानें होता, आणि तारा व पुढें टेलिफोन ऐकण्याचा १८८५ च्या कायद्यानें. १९८६ सालीं टपालाचा अधिकार अधिक रुंद करणारें विधेयक संसदेनें मंजूर केलें, तेव्हां राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यावर सहीही केली नाहीं आणि तें परतही धाडलें नाहीं. तें तसेंच पडून राहिलें. अशा स्वस्थ बसण्यानें देशाचें कल्याण क्वचितच होतें, तेव्हां झालें. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यांत मात्र पत्रें अडवून उघडण्याचा अधिकार विस्तृत कारणांसह आला आहे, आणि त्याची फारशी चर्चा कोठें ऐकूं आली नाहीं. लोक आतां पत्रें लिहीत नाहींत, हें त्याचें कारण असावें.

“आपण कांहीं वाईट करीत नाहीं, मग ऐकेना कां सरकार!” असें आमच्या वाचनालयांतील एक स्नेही म्हणतात. त्यांना मी मुंबईच्या एका कॉरोनरचा खटला सांगितला. त्याचें टेलिफोनवरील बोलणें, दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या संमतीनें, ध्वनिमुद्रित करून त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणलें होतें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुरावा ग्राह्य धरला, पण निरपराध नागरिकाच्या बोलण्यास संरक्षण आहे असेंही सांगितलें. तत्त्व उत्तम. परंतु निरपराध कोण, हें ऐकण्यापूर्वीं कळावें कसें? म्हणून ऐकण्याची परवानगी कोणीं, कोणत्या कारणानें आणि किती दिवसांची दिली, हें लेखी असावें लागतें. १९९६ सालीं त्याच न्यायालयानें टेलिफोनविषयीं हे निर्बंध घालून दिले. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें लांचेच्या आरोपांतील एका व्यापाऱ्याचा टेलिफोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले, व झालेलें ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितलें. तेथें लोकांच्या सुरक्षिततेस कोणताही धोका नव्हता, आणि कायद्यानें तेवढ्याच कारणासाठीं कान उघडले होते. स्नेही म्हणाले, “म्हणजे लांच देणाऱ्याचें फावलें.” फावलें असेलही. उद्यां तोच कान आपल्या ओट्याशीं लागणार नाहीं, याची किंमत कोणीतरी अशी द्यावी लागते.

या साऱ्या प्रकरणांत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट एका मराठी घराण्यांतली आहे. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें निर्णय दिला कीं, आणीबाणींत स्थानबद्ध झालेल्यास आपल्या स्वातंत्र्यासाठीं न्यायालयाचें दारही ठोठावतां येत नाहीं. एकटे न्यायमूर्ति खन्ना विरुद्ध गेले. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. तेव्हां चौघांच्या वतीनें लिहिलेल्या मुख्य निकालपत्रांत वडिलांच्या काळचा तो निर्णय रद्द ठरविणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड, हे यशवंतरावांचे चिरंजीव. पुत्राकडून पराभव व्हावा अशी इच्छा बापानें धरावी, असें आपल्याकडे मानतात. पण तो पराभव असा छापील स्वरूपांत क्वचितच पाहावयास मिळतो. ही दाद मागणारे पुट्टस्वामी हेही निवृत्त न्यायाधीशच, आणि अर्ज केला तेव्हां त्यांनीं ऐंशी वर्षें ओलांडलेलीं होतीं! त्यांची तक्रार आधार क्रमांकाविषयीं होती. पुढील वर्षीं न्यायालयानें आधार कायम ठेवला, मात्र बँकेच्या खात्यास आणि मोबाईलला तो जोडण्याची सक्ती काढून टाकली. असें असतांही जो तो आधारची प्रत मागतो आणि आपण देतों. अशाच एका प्रतींत गुंडाळलेले शेंगदाणे मला गेल्या वर्षीं मिळाले. एका अनोळखी बाईंचें नांव, जन्मतारीख आणि छायाचित्र त्यावर स्वच्छ होतें. तो कागद मीं घरीं आणून चुलींत घातला.

गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीव पुण्याहून कॅमेरे घेऊन आले; एक दारासाठीं, एक माजघरासाठीं. आम्ही दोघें म्हातारीं माणसें, कोणी पडलें-झडलें तर तेथें बसून दिसावें, हा हेतु. हेतु चांगलाच होता. सौभाग्यवतींनीं विचारलें, “मग मी माझ्याच माजघरांत पदर सांवरून बसायचें का?” चिरंजीवांस उत्तर सुचलें नाहीं, सूनबाई मात्र हंसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, आईंचें बरोबर आहे. रोज रात्रीं फोनच करूं.” दाराचा तेवढा लावला आहे. आजवर त्यांत शेजाऱ्यांचें मांजर आणि पहांटेस परसांतलीं जास्वंदीचीं फुलें नेणाऱ्या एक वृद्ध बाई सांपडल्या आहेत. बाई कोण तें मला ठाऊक आहे, आणि तें चित्र मीं चिरंजीवांस सांगून पुसविलें आहे.