चालींची वही

छंद दोन जातींचे असतात. काही चारचौघांत खुशाल सांगता येतात. काही सांगितले, की ऐकणारा आपल्याकडे काळजीने पाहू लागतो. माझा छंद दुसऱ्या जातीतला. मी कवितांना लावलेल्या चालींची नोंद ठेवतो. शाळेत हजेरीपट भरून भरून हाताला रकान्यांची सवय जडली आहे. तेव्हा एका जाडजूड वहीत मी पाच रकाने आखले आहेत : कविता, कवी, चाल कोणाची, गळा कोणाचा आणि शेवटी शेरा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने ही कारकुनी कशासाठी करावी, असा प्रश्न आमच्या घरात वरचेवर निघतो.

त्याचे उत्तर वर्गात मिळते. सोलापूर-धुळे रस्त्यावरचे आमचे वडीगोद्री गाव. तिथे मराठीच्या तासाला 'चाफा' ही कविता कोणाची, असे विचारावे, तर सारा वर्ग एका सुरात सांगतो, "लताबाईंची!" त्या सुरांना चाल दिली वसंत प्रभूंनी, आणि शब्द लिहिले कवी बी यांनी. बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. १८७२ साली ते मलकापुरात जन्मले. म्हणजे आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. जन्मभर कारकुनी केली आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १९३४ मध्ये, 'फुलांची ओंजळ' वाचकांपुढे ठेवली. एका कारकुनाचे नाव दुसऱ्या कारकुनाने जपावे, यात गैर ते काय?

त्याच जिल्ह्यातल्या मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' घ्या. जी. एन. जोशी यांनी ती ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि कवितेला पाय फुटले. कवीचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली निघाला. त्याच्या कितीतरी आधी ही कविता ग्रामोफोनवर बसून महाराष्ट्रभर हिंडून आली होती.

मात्र या प्रवासाला कवितेला भाडेही मोजावे लागे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावे. मग कडवी गाळावी लागत. मूळचा 'चाफा'देखील गाण्यातल्या चाफ्यापेक्षा मोठा आहे. गाळलेली कडवी मी मुलांकडून मुद्दाम त्याच चालीवर म्हणवून घेतो. मुलांना आधी ती खोटी वाटतात. आठवडाभराने गाणेच अर्धवट वाटू लागते!

असा उद्योग करणारा मी एकटा नव्हे. व्हिएन्नाच्या शूबर्टने एकतिसाव्या वर्षी, १८२८ साली, डोळे मिटले, तोवर त्याने सहाशेंवर जर्मन कवितांना चाली लावल्या होत्या. ओटो एरिख डॉइच या संशोधकाने त्याच्या साऱ्या रचनांची यादी १९५१ साली प्रसिद्ध केली, आणि आज शूबर्टचे गाणे जगभर डॉइचच्या क्रमांकाने ओळखले जाते. शूबर्टच्या मित्राने १८१६ साली त्याच्या गाण्यांची वही थोर कवी गोएथेकडे धाडली होती. गोएथेच्याच कवितांना लावलेल्या चाली होत्या त्या. कवीकडून एका अक्षराचे उत्तर आले नाही!

त्या वहीतले एक गाणे मी मुलांना ऐकवतो. आजारी लेकराला छातीशी धरून बाप रात्री घोडा फेकत निघाला आहे. लेकराला काळोखात भुतांचा राजा दिसतो; बापाला काहीच दिसत नाही. शूबर्टने घोड्याच्या टापा पियानोच्या हाती दिल्या आहेत. त्या थांबतात तेव्हा घर आलेले असते आणि लेकरू गेलेले असते. शब्द न कळताही आमचा वर्ग गप्प होतो. याच कवितेला लोव्हे नावाच्या संगीतकाराने निराळी चाल लावली. कविता एक आणि वाचणारे दोन. कारण चाल लावणे म्हणजे कविता मोठ्याने वाचणेच नव्हे का? बहिणाबाईंच्या कविता १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी एका तऱ्हेने वाचल्या. पुढे यशवंत देवांनी त्यांना आपल्या चाली दिल्या आणि उत्तरा केळकरांनी त्या गायल्या. माझा शेऱ्याचा रकाना अशा वाचनांसाठी आहे.

काही ठिकाणी मात्र तिसरा रकाना कोराच राहतो. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थांचे मनाचे श्लोक दोनशे पाच. भुजंगप्रयाताची ती चाल शेंबड्या पोरालाही येते. पण ती पहिल्यांदा कोणाच्या गळ्यातून निघाली, कोण सांगणार?

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवून त्यांची वर्गवारी केली. त्यापुढे माझी वही म्हणजे पाटीपूजनाची पाटी. पण तिच्या शेवटच्या पानांवर माझ्या आईच्या बेचाळीस ओव्या आहेत. चाल कोणाची, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "चाल कुठं कुणाची असती, बाबा? जातं फिरतं तशी फिरती."

आईला जाऊन आता तीन वर्षे झाली. शब्द वहीत आहेत. सुरांची लिपी मला येत नाही. चाल उरली आहे ती माझ्या मुलीच्या गळ्यात. ती गोड म्हणते, अगदी आजीसारखी. फक्त पहिला चरण संपताच लगेच दुसऱ्यावर जाते. तिने जाते ओढलेले नाही. आई तिथे थांबत असे. खुंटा पलीकडून फिरून हाताशी येईतो पुढचा शब्द निघत नसे. मधल्या वेळात नुसती घरघर ऐकू येई.

त्या पानावरचा माझा शेरा एवढाच आहे : 'इथे जात्याचा एक फेरा थांबणे.'