नेवाशाचा खांब

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची एक गंमत आहे. ज्या गावाविषयी वर्गात वर्षानुवर्षे बोलायचे, त्या गावाची वाट आम्हांला ठाऊक नसते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला सिद्ध झाली, हे मी झोपेतही सांगेन. पण छत्रपती संभाजीनगरला जाताना नेवासे फाटा कितीदा लागला, तरी "पुढच्या सुट्टीत पाहू" म्हणून मी पुढेच गेलो.

आईने मात्र जन्मभर पारायणे केली. गेल्या वर्षी तिची नजर अधू झाली, पोथीतली अक्षरे दिसेनाशी झाली. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता तरी नेशील का रे?" त्या 'आता'ने मी खजील झालो.

पहाटेच्या एस.टी.ने पुणे सोडले. फाट्यावरून रिक्षाने गावात शिरलो. आधी मोहिनीराजाचे दर्शन घेतले. विष्णूच्या मोहिनीरूपाचे हे देऊळ नेवाशाचे भूषण. गाव तसे फार जुने. १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केले, तेव्हा पार अश्मयुगातली हत्यारे हाती लागली. ज्ञानदेव आले तेव्हाही नेवासे म्हातारेच होते म्हणायचे!

मग खांबाकडे गेलो. मूळचे करवीरेश्वराचे देऊळ काळाने नेले. मागे राहिला हा एक दगडी खांब. याला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. आता त्या खांबाभोवतीच मंदिर उभे आहे. दुर्गाबाई भागवतांच्या १९७० च्या पुस्तकाला 'पैस' हे नाव मिळाले, तेही या पैसाच्या खांबावरून. खांबावर लेख कोरलेला आहे. त्यात नोंद कसली? तर देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची!

हे सारे मी आईला सांगू लागलो. सवयीने आवाज चढला; तास सुरू झाला. आई खांबावरून हात फिरवीत होती. ती हळूच म्हणाली, "पुरे रे. सांगणारा इथे होऊन गेला. तू आता ऐकणाऱ्यांत बस."

मी मुकाट्याने बसलो. डोळे मिटून तिने बारावा अध्याय म्हणायला घेतला. मध्येच एका ओवीशी अडखळली आणि माझ्याकडे तोंड करून थांबली. मी एम.ए.! त्या अध्यायावर किती प्रश्नपत्रिका काढल्या असतील; पण पुढचा शब्द मला येईना. शेजारी एक शेतकरी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने तो शब्द सहज पुरवला आणि दोघी मिळून पुढे म्हणू लागल्या. ज्ञानदेवांनी गीता मराठीत कुणासाठी आणली, हे त्या दिवशी मला समजले.

परतताना प्रवरेवर ऊन कलले होते. आई म्हणाली, "पाहिले हो सगळे." मला बोलवेना.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी तिला ज्ञानेश्वरी वाचून दाखवतो. पणतीत तेल ती घालते, आणि माझे उच्चार चुकले की तेही तीच सुधारते. अजून आम्ही सहाव्या अध्यायातच आहोत. पण यंदा मी काहीही पुढच्या सुट्टीवर टाकलेले नाही.