पुलाखालच्या शाळेबद्दल माझं मत

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नलवरच्या मुलांसाठी कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू झाली, तेव्हा मी तिच्या विरोधात होतो आणि नौपाड्यातल्या ओळखीच्या लोकांना तसं सांगतही होतो. शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे, महापालिकेच्या शाळा जवळ आहेत. मग सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलांनी कंटेनरमध्ये का शिकायचं? गरिबांसाठी वेगळं काही काढलं की ते कायमचं वेगळंच राहतं आणि पुलाखाली राहणं आपण मान्य केल्यासारखं होतं, अशी मला भीती वाटायची.

माझं मत बदललं ते त्या मुलांचा दिवस नीट बघायला लागल्यावर. कडेवर धाकटं भावंड घेऊन रात्री उशिरापर्यंत गाड्यांच्या काचांवर टकटक करायची, मग रस्त्याकडेलाच पाठ टेकायची. सकाळी आंघोळीला पाणी कुठलं? कायद्याने वर्ग वयाप्रमाणे मिळतो, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने अक्षरओळख नसताना थेट चौथी-पाचवीत बसायचं, शेजारची मुलं सरकून बसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, आणि धाकट्याला सांभाळायला कोणीतरी शोधायचं. महापालिकेच्या शाळेचं दार उघडं होतं, यात वाद नाही. पण आंघोळ, डबा, झोप हे सगळं घरून होऊन येतं, असं ती शाळा धरून चालते. इथे मुळात घरच नव्हतं.

सिग्नल शाळा काढणाऱ्या समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेला सोबत घेऊन नेमकी इथूनच सुरुवात केली. आधी आंघोळ, स्वच्छ गणवेश, पोटात काहीतरी, मग अभ्यास. दुष्काळी भागातून आलेल्या आईबापांची समजूत घालणं तर त्याहून अवघड, कारण मूल शाळेत बसलं की त्या दिवसाची कमाई बुडते. पुढे इथली मुलं दहावी पास झाली.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात हे आधी घडलेलं आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यांवर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. त्याला कोणी दुय्यम शिक्षण म्हणत नाही. मग पुलाखालच्या शाळेला मी का म्हणत होतो?

जुनी भीती सगळी गेलेली नाही. गाड्यांचा धूर आणि आवाज त्या वर्गात आजही येतो, आणि शाळा सुटल्यावर मूल जातं ते रस्त्यावरच. दुसऱ्या शहरांनी ही कल्पना उचलताना नुसता कंटेनर उचलू नये, असं मला कळकळीने वाटतं. देणगीदार वर्षभर उत्साहाने येतात, पुढे पाणी, नाश्ता आणि शिक्षकांचा पगार कोणी द्यायचा? म्हणून हल्ली हा विषय निघाला की मी शाळा हवी की नको यावर बोलत नाही. महापालिकेच्या अर्थसंकल्पात या खर्चाची दरवर्षीची तरतूद आहे का, आणि या कुटुंबांच्या घरांसाठी काय केलं, एवढंच विचारतो.